सामानाचा धनी कोण?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो कंपनीची उड्डाणे देशभर एकामागून एक रद्द होत गेली. त्या दिवसांत प्रवाशांचे झालेले हाल आणि टर्मिनलांमध्ये साचलेले बॅगांचे ढीग सर्वांनी पाहिले. पुण्याच्या मोजक्या थांब्यांवर वैमानिकांअभावी विमाने अडकून पडली आणि येथील प्रवाशांनाही या गोंधळाची पुरेपूर झळ लागली. अखेर केंद्राच्या नागरी उड्डाण मंत्रालयाला असा आदेश काढावा लागला की, प्रवाशांपासून ताटातूट झालेले सामान शोधून काढून ते अठ्ठेचाळीस तासांच्या आत त्यांच्या पत्त्यावर पोचते करावे. आदेश योग्यच होता. परंतु जी बॅग प्रवाशाने खिडकीवर पावती घेऊन रीतसर सोपवली, ती त्यालाच परत मिळावी यासाठी सरकारी फर्मान निघावे लागते, ही गोष्ट कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करणारी आहे. विमान उडाले नाही याची कारणे अनेक असू शकतील. पण जे सामान जमिनीवरून हललेच नाही, तेही सापडेनासे व्हावे, याचे कारण काय?

येरवडेकर वाचकांस हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. शहरातून विमानतळाकडे जाणारी मोठी वाट बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवड्यातूनच जाते, आणि गुंजन चौकातील वाहनांच्या रांगेत बॅगांच्या चवडी घेऊन निघालेल्या मोटारी नि रिक्षा येथील रहिवाशांना रोजच्या परिचयाच्या आहेत. लोहगावचा तळ १९३९ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने मुंबईच्या संरक्षणासाठी उभारला. आजही तेथील धावपट्टी भारतीय हवाई दलाची आहे, आणि नागरी वाहतूक तिच्या कडेने मिळालेल्या जागेत आपला संसार थाटून आहे. एवढ्याशा जागेतून २०२४-२५ या वर्षात एक कोटीहून अधिक प्रवाशांची ये-जा झाली. १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले आणि १४ जुलै २०२४ पासून ते प्रवाशांना खुले झाले. एकावन्न हजार चौरस मीटरहून मोठी ही वास्तू वर्षाला ९० लाख प्रवाशांसाठी योजलेली आहे. जुन्या टर्मिनलमधील गर्दी ज्यांनी सोसली आहे त्यांना या वास्तूचे मोल सांगावयास नको.

या नव्या टर्मिनलमध्ये सामान हाताळण्याची सलग यंत्रणा बसवली आहे. पूर्वी प्रवाशाने दारातच आपली बॅग क्ष-किरण यंत्रातून काढून घ्यावी, तिला पट्टी बांधून घ्यावी आणि मग खिडकीपुढच्या रांगेत उभे राहावे, अशी दुहेरी यातायात होती. आता बॅग खिडकीवर दिली की ती पट्ट्यावरून आत जाते. आतल्या आत तिची तपासणी होते आणि संशय आला तरच ती बाजूला काढली जाते. ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह आहे, आणि ती करणाऱ्या विमानतळ प्राधिकरणाला तिचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. मात्र ही यंत्रणा टर्मिनलच्या भिंतींच्या आतले काम करते. भिंतीबाहेर बॅगेचा जो लांबलचक प्रवास सुरू होतो, तेथे अजून हातांचेच राज्य आहे. आम्हांला आज जे सांगावयाचे आहे ते या हातांविषयी, किंबहुना एका हाताने सोडून दुसऱ्या हाताने धरण्याच्या मधल्या क्षणाविषयी.

सामान्य प्रवाशाची समजूत अशी असते की, आपण तिकीट ज्या कंपनीचे काढले त्याच कंपनीच्या ताब्यात आपली बॅग आहे. कायद्याने ते खरेही आहे. व्यवहारात मात्र निराळेच घडते. खिडकीवर बॅग घेणारा कर्मचारी कंपनीचा असतो किंवा तिने नेमलेल्या ग्राउंड हँडलिंग संस्थेचा असतो. पट्टा विमानतळाचा असतो. तपासणी सुरक्षा खात्याच्या नियमांनी चालते. पट्ट्यावरून बॅग उतरवून ट्रॉलीत भरणारा आणि ती विमानाच्या पोटात रचणारा लोडर बहुधा एखाद्या कंत्राटदाराच्या पटावर असतो. उतरण्याच्या गावी हीच साखळी उलटी फिरते, आणि मध्ये विमान बदलावयाचे असेल तर ती दुप्पट होते. परदेशातून येणाऱ्यास तर देशातील पहिल्याच विमानतळावर सामान ताब्यात घेऊन कस्टम्सपुढून जावे लागते आणि ते पुन्हा नव्याने सोपवावे लागते. यांतील प्रत्येक घटक आपापले काम बहुतेक वेळा चोख करतो. तरीही बॅग हरवते, आणि ती हरवते ती कोणाच्या हातातून नव्हे, तर दोन हातांच्या मध्ये. पहिला म्हणतो, मी दिली. दुसरा म्हणतो, मला मिळाली नाही. दोघेही कदाचित खरे बोलत असतात, कारण देण्याघेण्याची नोंद दोघांच्या निरनिराळ्या वह्यांत असते आणि एकाची वही दुसऱ्याला दिसत नाही. पुष्कळदा अशी बॅग त्याच इमारतीच्या एखाद्या कोपऱ्यात पडून असते आणि तिचा शोध मात्र दूरदूरच्या शहरांत चाललेला असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण जणू याच प्रसंगासाठी केलेली असावी.

जगभरचे आकडेही हेच सांगतात. विमान वाहतुकीस संदेशवहनाच्या आणि माहितीच्या यंत्रणा पुरवणारी सिटा ही संस्था दर वर्षी या विषयाचा अहवाल प्रसिद्ध करते. तिच्या हिशेबाप्रमाणे २००७ मध्ये दर हजार प्रवाशांमागे सुमारे १९ बॅगा उशिरा पोचल्या, मोडल्या किंवा हरवल्या. २०२४ मध्ये हे प्रमाण ६.३ वर आले. सतरा वर्षांत दोन तृतीयांश घट ही लहान गोष्ट नव्हे. तरीदेखील २०२४ या एका वर्षात अशा बॅगांची संख्या ३ कोटी ३४ लाख होती आणि त्यापायी या व्यवसायाला सुमारे ५०० कोटी डॉलरचा भुर्दंड बसला. उशिरा पोचणाऱ्या बॅगांचे सर्वांत मोठे कारण म्हणजे एका विमानातून दुसऱ्या विमानात होणारी बदली. सुमारे ४१ टक्के बॅगा तेथे चुकतात. म्हणजे बॅग जितके हात बदलते तितकी ती चुकण्याचा संभव वाढतो.

पुण्याच्या प्रवाशाला हा शेवटचा आकडा विशेष लागू पडतो. येथून थेट परदेशी जाणारी उड्डाणे मोजकीच आहेत. शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेला विद्यार्थी असो, वा लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने परदेशी चाललेली आई असो, त्यांना मुंबई, दिल्ली, बंगळूर किंवा आखातातील एखाद्या विमानतळावर विमान बदलल्यावाचून गत्यंतर नसते. त्या आईच्या बॅगेत डिंकाचे लाडू, मेतकूट आणि बाळासाठी शिवलेली दुपटी असतात. विद्यार्थ्याच्या बॅगेत पहिल्या हिवाळ्याचे गरम कपडे असतात. पैशांच्या तराजूत या वस्तूंचे वजन फार भरणार नाही. परंतु परक्या देशातल्या पहिल्या आठवड्यात त्यांचे मोल काय असते, हे ज्याची बॅग चुकली त्यालाच ठाऊक. आजारी माणसाची औषधे, अपंग प्रवाशाची चाकाची खुर्ची, वादकाचे वाद्य, लग्नघरी निघालेले शालू या गोष्टी एक दिवस उशिरा पोचणे म्हणजे पुष्कळदा न पोचणेच होय. वरातीमागून आलेल्या घोड्याचा उपयोग तो काय?

भरपाईच्या बाबतीतही विषमता आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीचा १९९९ चा मॉन्ट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला. त्या करारातील सामानाच्या भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर म्हणजे दीड लाख रुपयांहून अधिक झाली आहे. देशांतर्गत प्रवासात मात्र मंत्रालयाच्या २०१९ च्या प्रवासी सनदेने ही मर्यादा प्रवाशामागे २०,००० रुपये सांगितली आहे. पुण्याहून दिल्लीस जाणाऱ्याच्या सामानाची किंमत पुण्याहून लंडनला जाणाऱ्याच्या सामानाहून इतकी कमी का धरावी, याचे समाधानकारक उत्तर आम्हांला तरी सुचत नाही. जेथे चूक स्वस्त पडते तेथे ती सुधारण्याची निकड कोणालाच भासत नाही.

हा प्रश्न केवळ सोयीचा आहे अशी कोणाची समजूत असेल तर त्याने १९८५ सालचे स्मरण करावे. त्या वर्षी २३ जून रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडनजीक समुद्रावर बॉम्बस्फोटाने कोसळले आणि ३२९ जीव गेले. तो बॉम्ब एका बॅगेत होता. व्हँकुव्हरला ती बॅग दुसऱ्या कंपनीच्या विमानात चढवली गेली आणि टोरांटोला तेथून एअर इंडियाच्या विमानात बदलली गेली. ज्या नावाने ती सोपवली होती तो प्रवासी मात्र विमानात चढलाच नव्हता. त्याच दिवशी जपानमध्ये नारिता विमानतळावर अशाच दुसऱ्या बॅगेचा स्फोट होऊन सामान हाताळणारे दोन कामगार ठार झाले. बॅग एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि 'हिचा मालक कोठे आहे?' असे एकानेही विचारले नाही, त्याची ही किंमत. त्यानंतर जगभर नियम कडक झाले. आपल्याकडे तर पुढे अनेक वर्षे प्रवाशाने विमानाजवळ मांडून ठेवलेल्या सामानातून आपली बॅग ओळखून दाखवावी आणि मगच शिडी चढावी, अशी पद्धत होती. प्रौढ वाचकांना ती आठवत असेल. पद्धत अडाणी वाटली तरी तिच्यात एक गुण होता. बॅग आणि तिचा धनी यांची गाठ प्रत्यक्ष डोळ्यांदेखत घातली जात असे. आज ते काम यंत्राने केलेल्या नोंदीवर सोपवले आहे. म्हणूनच ती नोंद अखंड असली पाहिजे.

ही नोंद अखंड राहावी यासाठी विमान कंपन्यांनी आपसांतील स्पर्धा बाजूला ठेवून काही गोष्टी एकमताने ठरवल्या आहेत, आणि हेच या सर्व हकिगतीतील आशादायक अंग आहे. बॅगेच्या मुठीला जी लांब कागदी पट्टी चिकटवतात तिच्यावर दहा आकड्यांचा एक क्रमांक असतो. त्यातील तीन आकडे कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, इंडिगोचे ३१२. हा क्रमांक जगातील कोणत्याही विमानतळावर कोणत्याही कंपनीच्या यंत्राला वाचता येतो. आयाटा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने आपल्या ७५३ क्रमांकाच्या ठरावाने जून २०१८ पासून सभासद कंपन्यांवर असे बंधन घातले की, बॅगेची नोंद चार ठिकाणी झालीच पाहिजे: प्रवाशाने ती सोपवताना, ती विमानात चढताना, ती बदलीच्या जागी पोचताना आणि ती प्रवाशाला परत मिळताना. ठराव उत्तम आहे. परंतु कंपनीने ठराव केला म्हणून तिच्या कंत्राटदाराचा लोडर पावसात, रात्री दोन वाजता, विमान सुटायला दहा मिनिटे उरली असताना प्रत्येक बॅगेवर यंत्र धरीलच असे नाही. आणि त्याने धरले तरी त्याच्या यंत्रातील नोंद विमानतळाला, दुसऱ्या कंपनीला आणि खुद्द प्रवाशाला दिसेल अशी सोय झाल्यावाचून त्या नोंदीचा निम्मा उपयोग वाया जातो.

यावर कोणी म्हणेल की अधिक भारी यंत्रे आणावीत म्हणजे झाले. यंत्रांना आमचा विरोध नाही. परंतु यंत्रावर सारी भिस्त ठेवणाऱ्यांनी दोन उदाहरणे ध्यानात घ्यावीत. अमेरिकेतील डेन्व्हर शहराने आपल्या नव्या विमानतळासाठी संपूर्ण स्वयंचलित सामान-यंत्रणा योजली. ती बॅगा फाडू लागली, भलतीकडे नेऊ लागली, आणि तिच्या पायी विमानतळाचे उद्घाटन सोळा महिने लांबून २८ फेब्रुवारी १९९५ रोजी झाले. दहा वर्षांनी ती यंत्रणा मोडीत काढून माणसे आणि गाड्या यांच्याकडेच काम परत द्यावे लागले. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे पाचवे टर्मिनल २७ मार्च २००८ रोजी सुरू झाले. यंत्रे अत्याधुनिक होती, पण कामगारांना नव्या जागेचा आणि नव्या पद्धतीचा पुरेसा सराव नव्हता. पहिल्याच दिवशी पट्टे तुंबले, पुढील काही दिवसांत शेकडो उड्डाणे रद्द झाली, हजारो बॅगा साचल्या आणि त्यांतील काही तर लावून घेण्यासाठी थेट इटलीतील मिलानला पाठवण्याची पाळी आली. दोन्हीकडे पैशाची टंचाई नव्हती. उणीव होती ती यंत्र आणि माणूस यांचा मेळ घालण्याची.

उलट, हा मेळ यंत्रावाचूनही कसा जमतो याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. मुंबईचे डबेवाले १८९० पासून हे काम करीत आले आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य आपल्याच पुणे जिल्ह्यातील मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील आहेत. घरून निघालेला डबा वाटेत अनेक हात बदलतो. एक जण तो गोळा करतो, दुसरा स्टेशनावर लावून घेतो, तिसरा गाडीतून नेतो, चौथा कचेरीत पोचवतो, आणि संध्याकाळी तोच डबा रिकामा होऊन त्याच घरी परत येतो. डब्याच्या झाकणावर रंगाच्या आणि अक्षरांच्या चार खुणा असतात. त्या खुणा साखळीतील प्रत्येकाला सारख्याच वाचता येतात. त्यांच्या कौतुकाची व्याख्याने आजवर पुष्कळ झाली. त्यांत बहुधा त्यांची चिकाटी आणि वक्तशीरपणा वाखाणला जातो. आमच्या मते त्यांचे खरे मर्म निराळे आहे. तेथे खूण सर्वांची एक आहे, आणि डबा चुकला तर 'तो माझ्या हद्दीत चुकला नाही' असे म्हणून कोणाची सुटका होत नाही, कारण धंदा सर्वांचा सामाईक आहे. विमानतळावरील बॅगेला सामाईक खूण मिळाली आहे. सामाईक जबाबदारी अजून मिळावयाची आहे.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. नागरी उड्डाण सुरक्षा ब्युरोने फेब्रुवारी २०२४ मध्ये सात विमान कंपन्यांना बजावले की, विमानाचे इंजिन बंद झाल्यापासून पहिली बॅग दहा मिनिटांत आणि शेवटची तीस मिनिटांत पट्ट्यावर आली पाहिजे. त्याआधी जानेवारीपासून सहा प्रमुख विमानतळांवर यासाठी घड्याळ लावून पाहणी सुरू झाली होती. हा दंडक उपयुक्त आहे, परंतु तो जी बॅग आली तिचा वेळ मोजतो. जी आलीच नाही ती त्याच्या हिशेबात पूर्णपणे सापडत नाही. विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला प्रवाशांच्या तक्रारींचे आकडे प्रसिद्ध करते, त्यात सामानाच्या तक्रारीही असतात. पण ते आकडे कंपनीवार असतात. बॅग पुण्यात चुकली की दिल्लीत, खिडकीवर चुकली की बदलीच्या जागी, हे त्यांवरून उमगत नाही. रोग कोठे आहे हे न कळता औषध देण्यासारखाच हा प्रकार झाला.

पुढील काळात तर हातांची संख्या वाढणारच आहे. ग्राउंड हँडलिंगच्या २०१८ च्या नियमावलीने वर्षाला एक कोटी प्रवाशांचा पल्ला गाठलेल्या विमानतळावर अशा किमान तीन संस्था असाव्यात असे सांगितले आहे, आणि पुण्याने तो पल्ला गाठला आहे. स्पर्धेमुळे सेवा सुधारेल, हे आम्ही मान्य करतो. पण तीन संस्था म्हणजे तीन वह्या, हेही विसरून चालणार नाही. शिवाय हे हात एका रात्रीत बदलूही शकतात. १५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा परवानगी रद्द केली. तेव्हा मुंबई, दिल्लीसह नऊ विमानतळांवरील तिचे काम तत्काळ दुसऱ्यांकडे सोपवावे लागले. त्या निर्णयाच्या गुणदोषांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. त्यातून घ्यावयाचा धडा एवढाच की, सामानाची नोंद कंत्राटदाराच्या मालकीची असेल तर कंत्राटदार गेल्यावर तीही जाईल. ती विमानतळाच्या मालकीची असली पाहिजे. कंत्राटदार येतील आणि जातील, वही मात्र जागेवर राहिली पाहिजे.

या साखळीत ज्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो आणि दोष मात्र सर्वांत आधी ज्याला लागतो तो म्हणजे लोडर. विमानाच्या पोटात वाकून, गुडघ्यांवर बसून, भर उन्हात तापलेल्या पत्र्याखाली तो बॅगा रचतो. एका बॅगेचे वजन ३२ किलोपेक्षा अधिक नसावे हा विमान व्यवसायातील संकेत त्याच्याच पाठीच्या कण्यासाठी आहे. हमालांच्या पाठीवरचा भार हा माणुसकीचा प्रश्न आहे, हे पुण्याला बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने शिकवले, आणि माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये कायदा करून महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली. त्याच महाराष्ट्रातील विमानतळावर बॅग उचलणारा माणूस आज एका कंत्राटावर आणि उद्या दुसऱ्या कंत्राटावर अशा अनिश्चितीत असेल, तर त्याच्याकडून प्रत्येक बॅगेची निगुतीने नोंद होण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? बॅग फेकणाऱ्या लोडरची चित्रफीत घरोघर पाहिली जाते. पण एकेका विमानामागे किती माणसे दिली आणि किती मिनिटे दिली, हे कोणी विचारीत नाही. आधुनिकीकरणाचा पहिला रुपया त्याच्या शिक्षणावर, त्याच्या हातातील यंत्रावर आणि त्याच्या नोकरीच्या शाश्वतीवर खर्च झाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रवाशांच्या कर्तव्याविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. सोपवलेल्या बॅगेत पॉवर बँक ठेवू नये हे वारंवार सांगूनही ती ठेवली जाते. मग तपासणीत बॅग बाजूला निघते, धन्याचा पुकारा होतो आणि कित्येकदा ती मागे राहते. देवघरातला नारळ चालेल म्हणून सुके खोबरेही चालेल असे गृहीत धरणारे पुष्कळ आहेत. तेलकट असल्याने ते पेट घेऊ शकते म्हणून सोपवलेल्या सामानात त्यास मनाई आहे. बॅगेच्या आतही आपले नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा, जुन्या प्रवासाच्या पट्ट्या काढून टाकाव्यात, औषधे आणि कागदपत्रे हातातल्या पिशवीत ठेवावीत. बॅग आली नाही तर दालन सोडण्यापूर्वीच लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे मोडतोडीची तक्रार सात दिवसांच्या आत आणि उशिराची एकवीस दिवसांच्या आत लेखी करावी लागते, हे किती जणांना माहीत आहे? हक्क माहीत नसलेल्या माणसाचा हक्क कागदावरच राहतो.

आता प्रश्न उरतो तो काय करावे याचा. आमच्या सूचना थोड्या आहेत आणि त्यांतील एकही आकाशातला चंद्र मागणारी नाही. पहिली ही की, लोहगाव विमानतळावर सामानाची एकच सामाईक नोंद असावी. सर्व विमान कंपन्या, ग्राउंड हँडलिंग संस्था, सुरक्षा आणि कस्टम्स यांनी आपापल्या टप्प्याची नोंद तीत करावी, आणि तिची मालकी विमानतळ प्राधिकरणाकडे असावी. दुसरी ही की, प्रवाशाला आपल्या बॅगेच्या क्रमांकावरून ती शेवटची कोठे नोंदली गेली हे आपल्या मोबाइलवर पाहता यावे. रेल्वेची गाडी कोठे आहे हे कळू शकते, तर आपली बॅग कोठे आहे हे कळू नये असे नाही. तिसरी ही की, किती बॅगा चुकल्या आणि कोणत्या टप्प्यावर चुकल्या याचा आकडा दर महिन्याला विमानतळाच्या फलकावर लावावा. चौथी ही की, चुकलेल्या सामानासाठी विमानतळावर एकच खिडकी असावी, आणि 'अमक्या कंपनीकडे जा' असे सांगण्याची मुभा त्या खिडकीला नसावी. आणि पाचवी ही की, देशांतर्गत भरपाईची मर्यादा केंद्राने नव्याने ठरवावी.

यावर दोन आक्षेप येतील. कंपन्या म्हणतील की आमची माहिती प्रतिस्पर्ध्याला का दाखवावी? त्यांना आम्ही विचारतो की, दहा आकड्यांचा क्रमांक सर्वांनी एकच मानला तेव्हा कोणाचे दिवाळे निघाले? कंपन्यांनी भाड्यात, वेळेत, सौजन्यात हवी तेवढी स्पर्धा करावी. बॅग कोठे आहे हे काही व्यापारी गुपित नव्हे. दुसरा आक्षेप हवाई दलाच्या तळाचा, म्हणजे येथे जागा अपुरी आणि निर्बंध फार, असा असेल. तो वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु नोंदवहीला जागा लागत नाही. उलट जेथे थांबे थोडे आणि विमानाला मिळणारा वेळ कमी, तेथे प्रत्येक बॅगेचा ठावठिकाणा ठाऊक असण्याची गरज अधिकच असते.

महाराष्ट्र विधिमंडळाने या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव द्यावे असा ठराव डिसेंबर २०२४ मध्ये केला. दर आषाढीला वारकऱ्यांची वळकटी दिंडीच्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामी त्यांच्या आधी जाऊन पोचते, आणि दिंडीचा क्रमांक एवढ्या एका खुणेवर ज्याची त्याला मिळते. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी याच येरवड्याच्या फुलेनगरवरून शहरात उतरते, तेव्हा ही व्यवस्था आपण दर वर्षी पाहतो. ज्या संताचे नाव विमानतळाला द्यावयाचे, त्याच्या वारीतील ही साधी शिस्त त्या विमानतळावरही दिसावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. नागरी उड्डाण खात्याचे राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ हे पुण्याचेच खासदार आहेत. त्यांनी प्राधिकरण, विमान कंपन्या, ग्राउंड हँडलिंग संस्था आणि कामगारांचे प्रतिनिधी यांना एका टेबलाशी बसवून सामाईक नोंदीचा हा प्रयोग प्रथम लोहगावला करून पाहावा. येथे तो जमला तर पुढे पुरंदरला जो विमानतळ योजला आहे, त्याच्या आराखड्यात त्याची तजवीज पहिल्या दिवसापासून करता येईल. पावती हातात असलेल्या प्रवाशाला आपले सामान परत मिळवण्यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागू नये, एवढीच या मागणीची मर्यादा आहे, आणि ती पुरी करण्यास आज कोणताही अडसर नाही.